गल्लीतला नेटचोर

"बाई, तुमाले एक इचारू? राग नका मानू."

सकाळी साडेसहाला शेजारच्या काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून असं म्हटलं की समजायचं, आज गल्लीत कोणाची तरी खैर नाही. एप्रिल सरत आला होता. अमरावतीचा पारा दुपारी चव्वेचाळीस दाखवत होता आणि बोलायचं ते आठच्या आत बोलून घ्यायचं, असा साईनगरात या दिवसांचा अलिखित नियम. मी शेवग्याला पाणी घालत होते. झाड माझ्या अंगणात, पण फांद्या सगळ्या काकूंकडे झुकलेल्या. त्या विषयावर आजवर दोघींपैकी कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

"आमचं नेट कोनीतरी चोरून राह्यलं," काकू म्हणाल्या.

"कोण?"

काकूंनी आवाज खाली आणला. त्यांच्या मानानं खाली. समोरच्या ओट्यावरचं कुत्रं मात्र उठून बसलं. "मांगच्या घरी थे तीन पोट्टे राह्यते ना भाड्यानं, इंजिनेरिंगचे? रातभर लाइट चालू. काल मी दोन वाजता उठून पाह्यलं, तिघाइच्या तोंडावर मोबाईलचा उजेड! आन आमच्या नातवाच्या कम्प्युटरवर थे गोल गोल फिरत राह्यते घाण्याच्या बैलावानी. मंग आमचं नेट जाते कुठी? शंभरचे पैसे भरतो आमी, बाई."

"शंभर रुपये?"

"शंभर एमबीपीएसचे वो! तुमी टेलिफोनात होत्या, तुमाले तं माहीत पाहिजे."

टेलिफोनात होते, हे खरं. जानेवारी २०२० च्या अखेरीस बीएसएनएलमधून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आली, त्यांतली मी एक. पण मी लागले होते ट्रंक ऑपरेटर म्हणून. कानावर हेडफोन, समोर बोर्ड, आणि शंभरेक किलोमीटरवरच्या अकोल्याशी बोलायला लोक तासन् तास ताटकळायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे कॉलचे तीन प्रकार. लायटनिंगचा दर ऐकूनच माणूस ऑर्डिनरीवर यायचा. लाइन लागली की दर तीन मिनिटांनी आपण मध्ये बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" एवढ्या भांडवलावर गल्लीनं मला वायफायपासून गीझरपर्यंत सगळ्याची तज्ज्ञ करून टाकलेलं आहे. मीही नाही म्हणत नाही. भाचा अकोल्यात नेटच्या जोडण्या करतो, त्याला फोन करून विचारते आणि माझंच असल्यासारखं सांगते.

"काकू, शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबीचा पिच्चर उतरत नाही. ते बिटमध्ये असतं. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे झाले साडेबारा."

"म्हंजे लुटलंच ना?"

"लुटलं नाही. सोयाबीनचा भाव क्विंटलचा सांगितला आणि आपण तो किलोचा समजलो तर व्यापाऱ्याचा काय दोष? आणि सरकारी व्याख्येत तर २०२३ पासून दोन एमबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणतात. त्याआधी अर्ध्यालाच म्हणत होते."

"दोन? दोनात तं आमच्या नातवाचा मास्तर हलत बी नाई. तोंड उघडं ठेवून बसते." काकूंनी मास्तर करून दाखवला. "तुमी माई गोठ उडवू नका, बाई. चोरी होऊन राह्यली."

मी पाण्याचा नळ बंद केला. चोरीचा विषय भिजत ठेवणं बरं नव्हतं, कारण काकू भिंतीवरून उतरून थेट मागच्या पोरांच्या दारात गेल्या असत्या. तसं त्यांनी एकदा पाण्याच्या मोटरीवरून केलेलं आहे.

"आधी माझ्या बहिणीची गोष्ट ऐका," मी म्हटलं. "अकोल्याची, जठारपेठेतली."

बहिणीकडे गेल्या महिन्यापासून भलताच खेळ चालला होता. सकाळी नेट चांगलं. दुपारी जेवणं झाली की जायचं, दिवेलागणीला परत यायचं. मेहुण्यांनी निदान केलं की अकोल्याच्या उन्हात तार तापते. बहीण म्हणे व्होल्टेज. तक्रार केली, तर पाच दिवस 'चेक करतो, चेक करतो'. मेहुणे वैतागून म्हणाले, जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला हायवेवर पंचाहत्तर किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नाव घातलं. तेवढ्याच पाच दिवसांत यांना एक वायर तपासता येत नाही!

"बरोबर बोलले जवाईबापू," काकू म्हणाल्या. "मंग?"

मग भाचा गेला. त्यानं कम्प्युटरला हातही लावला नाही. नेटच्या डब्यावरचे दिवे पाहिले. एक दिवा लाल झालेला होता. तो लाल म्हणजे बाहेरून येणारा उजेडच डब्यापर्यंत पोचत नाही. आता तार तांब्याची नसते ना, आत काचेचा धागा असतो, केसाएवढा, सव्वाशे मायक्रॉनचा. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. तांब्याची तार कशीही मुरगळा, तिला फरक पडत नाही. काच फार वाकवली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. भाचा तार धरून धरून मागं गेला तर ती खिडकीतून आत आलेली. आणि त्याच खिडकीत मार्चमध्ये कुलर बसवलेला. कुलरच्या स्टँडचा लोखंडी पाय बरोबर तारेवर! कुलर बंद असला की जेमतेम चालायचं. दुपारी कुलर लावला की तो थरथरायचा, पाय दाबायचा, नेट गेलं.

"माय वं! कुलरनं?"

"कुलरनं. पाय उचलला, चेपलेला तुकडा काढून नवा जोडला. विषय संपला."

काकूंनी मान वळवून आपल्या घराकडे पाहिलं. त्यांच्याही मधल्या खोलीच्या खिडकीत कुलर आहे. पत्र्याचा, हिरवा, लोखंडी स्टँडवरचा, भरला तर साठ लिटर पाणी मावेल असा. "आमच्या डब्यावर लाल दिवा नाई," त्या ठामपणे म्हणाल्या. "सगये हिरवे हायेत. मी रोज पुसतो म्हनून माहीत हाये." आणि मग जरा थांबून, "तुमी येऊनच पाहा ना एकडाव."

गेले. फाटकातून, चप्पल घालून, रीतसर.

काकूंचा नेटचा डबा कुठं होता सांगू? देवघराच्या फळीवर. गणपतीच्या डाव्या बाजूला, अन्नपूर्णेच्या मागं. त्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. रुमालाला चारी बाजूंनी लाल फुंदे. अँटेना दोन, त्यांतल्या एकीला कधीतरी हार अडकवल्याची सुकलेली पाकळी. रुमाल उचलून डब्याला हात लावला तर चहाच्या पातेल्यासारखा गरम.

"काकू, या डब्याच्या कागदावर काय लिहिलेलं असतं माहीत आहे? शून्य ते चाळीस अंशांत चालतो. असे घरगुती डबे बहुतेक तेवढ्याचेच असतात."

"चाळीस? अन् आपल्याकडं नवतपा अजून लागाचाच हाये." काकूंनी डब्याकडे पहिल्यांदाच दयेनं पाहिलं. "म्हंजे माणसावानीच झालं. चाळीसच्या वर डोस्कं चालत नाई."

रुमाल गेला. पण नुसत्या रुमालानं मास्तर अडकत नसतो. नातू आतून आला. बारावीतला, डोळे जागरणानं लाल. त्याचा कम्प्युटर मागच्या खोलीत. म्हणजे असं पाहा: पुढं देवघर, मध्ये मोठी खोली, तिच्यात लोखंडी कपाट आणि कुलर, आणि पलीकडे नातवाचं टेबल. डब्यातून निघालेल्या लहरी सरळ निघाल्या तर आधी कपाटाला आणि मग कुलरच्या टाकीला जाऊन थडकणार.

मी मात्र घाई केली नाही. ट्रंकच्या बोर्डावर पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट: लाइन तुटली की आधी ठरवायचं, बिघाड आपल्या बाजूला की पलीकडच्या. नातवाला म्हटलं, डब्याच्या खोक्यात एक लांब निळी-पिवळी वायर आली असेल, ती आण. कम्प्युटर थेट वायरनं डब्याला जोडू. तो म्हणाला, वायर हाये पण छोटी हाये. मग काय, सीपीयू उचलून देवघरासमोर पाटावर ठेवला. काकूंनी त्याच्याखाली वर्तमानपत्र घातलं. मॉनिटर स्टुलावर. त्या थाटात स्पीड मोजला, तर चौऱ्याण्णव आला.

"सहा कोनं खाल्ले?" काकू.

"ते रस्त्याचा टोल समजा. शंभरच्या वायरीवर चौऱ्याण्णवच्या वर सहसा दिसत नाही." मी म्हटलं. "कंपनी देते ते घरापर्यंत पोचतं, काकू. बिघाड या डब्यापासून त्या टेबलापर्यंत, तुमच्याच घरात आहे."

काकूंचा चेहरा उतरला. कंपनी चोर नाही, हे त्यांना फारसं आवडलं नाही. पण मागची पोरं अजून शिल्लक होती.

सीपीयू परत जागेवर नेला. नातवाला काळी खिडकी उघडायला लावली आणि त्यात पिंग १९२.१६८.१.१ असं लिहायला सांगितलं. बऱ्याच घरी डब्याचा पत्ता हाच असतो. ही म्हणजे डब्याला मारलेली हाक. किती मिलीसेकंदांत ओ येते ते कम्प्युटर लिहून दाखवतो. जवळच्या डब्यानं दोन-तीनमध्ये ओ द्यायला हवी. इथं आलं चार, मग सात, मग तीनशे ऐंशी, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे ओच नाही. भिंतीपलीकडचा डबा आणि ओ नाही! अमेरिकेतलं कुठलं संकेतस्थळ हळू चाललं तर समजू शकतो, पण देवघरातून मागच्या खोलीत हाक पोचू नये?

"आता कुलर सरकव," मी म्हटलं.

"भरेल हाये, आजी."

"म्हणूनच."

दोघांनी मिळून, चाकं कुरकुरत, कुलर खिडकीतून ओढून बाजूला केला. पाणी सांडलं, काकू ओरडल्या, फडकं आलं. आणि पडद्यावर: चार, तीन, पाच, चार, तीन. काकूंनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "एवढ्यानं?"

एवढ्यानंच. घरातल्या वायफायची नेहमीची लहर २.४ गिगाहर्ट्झची, लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, वितीहूनही लहान. पत्रा तिला परत फेकतो आणि पाणी तिला पिऊन टाकतं. आपण वऱ्हाडची माणसं दर उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत साठ लिटर पाणी भरून घराच्या मधोमध उभी करतो आणि मग विचारतो नेट कुठं गेलं!

"अवो, खरंच," काकूंना आठवलं. "संक्रांतीले नेट झ्याक होतं. तवा कुलर माळ्यावर होता."

पण हा शोध लागून उपयोग काय? एप्रिलमध्ये कुलर काढा म्हणणाऱ्याला अमरावतीत कोणी पाण्यालाही विचारणार नाही. कुलर खिडकीत परत गेला, डबा मात्र हलला. देवघरातून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर, छताखाली हातभर अंतर सोडून, कपाटाच्या आणि कुलरच्या दोघांच्याही डोक्यावरून पलीकडे पाहता येईल असा. अगदी वर पत्र्याजवळ नको, तिथं उकडतं. फुंद्यांचा रुमाल गणपतीकडेच राहिला.

तिकडून भाच्याचा फोन आला. मी त्याला मिस्ड कॉल दिलेला होता. त्यानं विचारलं, कम्प्युटरला वायफाय कशानं घेता? नातवानं खाली वाकून दाखवलं: सीपीयूच्या पाठीमागं नखाएवढी काळी पट्टी, भिंतीला तोंड करून. आणि तिला खेटून, निळ्या तोंडाच्या खाचेत, बाहेरची हार्ड डिस्क. भाचा हसला. म्हणे, त्या निळ्या खाचेतली यंत्रं चालू असली की २.४ च्या आसपास खरखर करतात. इंटेलनं २०१२ सालीच यावर आख्खा कागद काढलेला आहे. एक तर पट्टी लोखंडी खोक्याच्या पाठीमागं आणि वर शेजारीच बोंबलणारा. नातवाच्या खणात हातभर युएसबीची वायर पडलेली होती, तिच्यावर पट्टी टेबलावर आणली. आणखी एक टिक काढायला लावली: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या यंत्रावर, वीज वाचवण्यासाठी कम्प्युटरला हे यंत्र बंद करू देऊ का, असं विचारलेलं असतं, आणि पुष्कळदा ते आधीच हो केलेलं असतं. तास तुटायचा, माऊस हलवला की परत यायचा, त्यातला निम्मा घोळ या टिकेचा होता.

"आन मंग आमच्या धारनीच्या जवायाकडं तं कुलर बी नाई, तरी नेट काहून नाई चालत?" काकूंनी मध्येच विचारलं. जावई मेळघाटात मास्तर आहेत.

तिकडची गोष्ट वेगळी. तिथं डोंगर आणि सागवानाचं जंगलच कुलरचं काम करतं. लहर जितकी बारीक तितकी ती पानापाण्याला लवकर अडते. म्हणून धारणी तालुक्यातल्या हरिसालला राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं डिजिटल गाव करायला घेतलं, २०१६ च्या सुमारास, तेव्हा टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लांब लहरी वापरून पाहिल्या होत्या. त्या झाडांतून बऱ्या पलीकडे जातात. कल्पना मला आवडली होती. पुढं गाव किती डिजिटल झालं यावर २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी भर सभेत व्हिडीओच लावला, ते तुम्हाला आठवत असेल.

"लाव रे तो व्हिडीओ!" नातू म्हणाला. तेव्हा तो प्राथमिक शाळेत असणार, पण वाक्य पाठ.

घरातही हेच. डब्यात दुसरी, पाच गिगाहर्ट्झची लहर असते. ती वेगवान, पण भिंत आली की दमते. काकूंच्या सुनेचा मोबाईल पुढच्याच खोलीत असतो, त्याला ती दिली. नातवाला २.४ च ठेवली, पण तिच्यातही गर्दी होती. भाच्यानं मोबाईलवर एक ॲप टाकायला सांगितलं. त्यात गल्लीतले सगळे डबे डोंगरांसारखे दिसतात. काकूंचा सहावर, माझा सहावर, समोरचा सहावर, मागच्या पोरांचाही सहावर. अकोल्याला श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला कावडी निघतात, तेव्हा चार मंडळांचे ढोल एका चौकात आले की कोणाचा ताल कोणता, हे खुद्द वाजवणाऱ्याला कळत नाही, तसं. भारतात या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न येणारी एक, सहा आणि अकरा हीच. काकूंचा डबा अकरावर नेला. स्पीड मोजला: वायफायवर बेचाळीस. सकाळी तीन होता.

पडद्यावर नातवाचा मास्तर आता सलग हात हलवत होता. मला वाटलं, झालं. चहाची वेळ झाली होती आणि ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं होतं.

पण काकू गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "थे सगयं ठीक हाये. चोर?"

"काकू, चोर कोणी नाही. कुलर होता."

"तुमी म्हनता तसं. पन पाहून तं घेऊ."

नातवानं डब्याचं पान उघडलं. तिथं यादी असते, कोण कोण जोडलेलं आहे त्याची. त्यानं एकेक वाचून दाखवलं. हा माझा कम्प्युटर. हा पप्पांचा. हा मम्मीचा. हा टीव्ही. हा आजी तुहा.

"आन हा?"

नातू थांबला. यादीत सहावं नाव होतं. एका जुन्या मोबाईलचं मॉडेल.

"म्हटलं नव्हतं!" काकूंनी पदर खोचला. "पोट्ट्याइच्या घरी मी आत्ता जातो, आत्ता!"

"आजी, त्याइच्याकडं असे जुने मोबाईल नसते," नातू म्हणाला. आणि त्याची नजर हळूच फिरत माझ्या हातावर आली. मी भाच्याशी बोलून फोन अजून हातातच धरलेला होता. काचेला कोपऱ्यात तडा, पाठीला रबराचं कव्हर.

मला सगळं आठवलं. मागची दिवाळी. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही, काकूंकडे आहे. भाऊबीजेला लाइट गेली, बहिणीला अकोल्याला व्हिडीओ कॉल लावायचा होता, आणि भाच्यानं या नातवाकडूनच पासवर्ड घेऊन माझ्या फोनमध्ये टाकला होता. एका दिवसापुरता. फोनला ते एका दिवसापुरतं असतं हे कोण सांगणार? तो शेवग्याखाली गेलं की आपणहून काकूंच्या नेटला लागत राहिला. संध्याकाळी मी तिथंच खुर्ची टाकून कीर्तनं ऐकते. सहा महिने.

"आजी, तुमचाच हाये ना?" नातवानं फार सभ्यपणे विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकूंनी पदर सोडला. त्या काही बोलल्या नाहीत. मीही इकडंतिकडं पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याकडे नजर गेली. तिथं विळीशेजारी शेवग्याच्या शेंगांची जुडी होती, चिंधीनं बांधलेली, वीसेक तरी असतील. ताज्या, देठाला अजून डिंक ओला. अर्ध्या चिरून झालेल्या.

"शेंगा छान धरल्या हो यंदा," मी म्हटलं.

"हाव ना," काकू म्हणाल्या. "भलकशा धरल्या."

नातवाला यातलं काही कळलं नसावं. माऊसवर बोट ठेवून तो विचारत होता, "मंग काढू का हा सहावा?"

"राहू दे रे," काकू आत जाता जाता म्हणाल्या. "बाई, चहात साखर किती?"